क्लास सापडेना आणि बोल शोभाताईंना

मंडळी, आत्ताच भडगावहून जळगावला परतलोय. मनात घोळतंय, म्हणून लगेच ग्रुपवर मेल टाकतोय.

तिथल्या केळीच्या वखारीत ट्रकच्या पावत्या आमच्या जावा प्रोग्रॅममधून निघतात. आज सकाळी तो उघडेचना. पडद्यावर एकच ओळ: क्लास सापडत नाही. बाहेर भरलेले ट्रक खोळंबलेले. वखारीचे मालक नाना ऑपरेटर शोभाताईंवर भडकलेले. त्या नुकत्याच संगणक शिकून कामाला लागल्यात.

“बठ्ठा मालेच बोली ऱ्हायनात, भाऊ. मी काहीच कयं नही,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. सगळे त्यांनाच बोलत होते.

क्लास, म्हणजे प्रोग्रॅमचे तुकडे, कुठल्या फाइलींत शोधायचे, हे जावाला क्लासपाथ नावाच्या यादीतून कळतं. ती उघडून पाहिली, तर आमच्या फाइलींची नावंच गायब! काल नानांनी दुसरा एक प्रोग्रॅम टाकून घेतला होता, त्याने ती पुसून स्वतःची लिहिली होती.

मी नावं परत घातली. प्रोग्रॅम उघडला. नानांना कारण सांगितलं. मग ते सगळ्यांसमोर म्हणाले, “शोभा, तुन्ही चूक नही व्हती.”

तेव्हा कुठे शोभाताई मोकळेपणी रडल्या.

बिघाड सापडण्याआधीच आपण माणसाला दोषी का ठरवतो? तुमच्याकडेही असंच होतं का?