आपानं शिवलेले झेंडे

माझ्या थोरल्या बहिणीच्या मौतीचं चाळिसावं आम्ही केलं, तेव्हा ती जिवंत होती. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, झांझिबारच्या बेटावर, मशीनवर बसून झेंडे शिवत होती. इकडे यवतमाळला आम्ही तिच्या नावानं फातेहा पढून गल्लीला जेवण वाढत होतो, आणि त्या जेवणात सगळ्यात मोठ्यानं रडत होता तो तिचा नवरा. त्या रडण्याचा सूड मी घेतला.

अब्बांचं बाजारात शिंप्याचं दुकान होतं. अम्मी लवकर गेली. मला वाढवलं ते आपानं, माझ्या बहिणीनं. तिचा हात असा की कापड तिच्या बोटांखाली आपोआप सरकायचं. सत्तावन्न सालच्या सुमारास तिला झांझिबारचं स्थळ आलं. मुलाच्या आज्यानं कच्छमधून जाऊन तिकडे कापडाचं दुकान थाटलेलं होतं, आणि त्यांचे काही नातेवाईक आमच्याकडे कपाशीच्या धंद्यात होते. अब्बांनी मुलाला विचारलं, "तिथं राज्य कोणाचं?"

तो हसून म्हणाला, "झेंडा सुलतानाचा, लालभडक. राज्य इंग्रजाचं. आम्हाला दोन्ही चालतात."

अब्बांना ते उत्तर हुशारीचं वाटलं. मलाही वाटलं. निकाह झाला, आपा बोटीनं गेली, आणि पुढची सहा-सात वर्षं ईदेच्या पत्रापलीकडे तिचं काही कळलं नाही. मूल होत नाही एवढं मात्र कळत होतं.

चौसष्टच्या जानेवारीत हॉटेलातल्या रेडिओवर बातमी आली. झांझिबारला बंड झालं, सुलतान पळाला, रस्त्यांत कत्तल चालली आहे. अब्बा रोज त्या हॉटेलासमोर उभे राहायचे. मग एका दुपारी दारात आपाचा नवरा, आमचा दुल्हाभाई, उभा. दाढी वाढलेली, हातात एक ट्रंक, आणि सोबत कोणी नाही. अब्बांनी त्याच्या मागं बघितलं, परत त्याच्याकडे बघितलं आणि उंबऱ्यावरच बसले.

आपाला गोळी लागली, असं त्यानं सांगितलं. मग ट्रंकेतून एक झेंडा काढला. लाल, मधोमध हिरवा गोल, त्यात लवंगेच्या दोन पिवळ्या कळ्या. इंग्रज गेला तेव्हा सुलतानाच्या जुन्या लाल झेंड्यात हा गोल घातला, म्हणाला. जेमतेम महिनाभर फडकला. बंडखोर महालात घुसले तेव्हा आम्ही नवराबायकोनं तो उतरवून वाचवला, आणि पळताना तिला गोळी लागली. याच झेंड्यावर डोकं ठेवून तिनं जीव सोडला.

मी त्या झेंड्याला तोंड लावून रडले होते. तेही मी विसरलेले नाही.

तो आमच्याकडेच राहिला. अब्बांनी आपली मशीन कोपऱ्यात सरकवून त्याला कापड विकायला दुकानाचा दर्शनी भाग दिला. मी त्याचे कपडे धुतले, त्याला गरम भाकर वाढली. गावात त्याला मान मिळू लागला. हॉटेलात, मशिदीबाहेर, शाळेच्या मैदानावर, सगळीकडे तो झेंडा उलगडायचा, गोळीपाशी आला की थांबायचा, आणि माणसं डोळे पुसायची. वर्ष सरायच्या आत पांढरकवड्याच्या एका मोटार मिस्त्रीनं आपली मुलगी त्याला द्यायचं ठरवलं. अब्बा म्हणाले, "जाऊ दे. तरणा माणूस हाय, एकटा किती दिवस राहीन?"

मंगनीला आठवडा उरला होता. दुल्हाभाई पाहुण्यांच्या तयारीसाठी पांढरकवड्याला गेला होता, मंगनीपर्यंत तिकडंच राहणार होता. दुपारी दार वाजलं. छोट्या रेल्वेनं आलेली एक बाई, अंगावर धुळीनं करडा झालेला बुरखा. तिनं तोंडावरचा पडदा वर केला.

मी किंचाळले नाही. मी तिला आत ओढलं आणि कडी लावली. आजही मला त्याचं नवल वाटतं, की पहिल्या क्षणापासून माझा हात कडीकडेच गेला. जणू ही गोष्ट लपवायची आहे, आणि वेळ आली की काढायची आहे, हे मला आधीच कळलं होतं.

दोन दिवस ती नुसती जेवली आणि झोपली. तिसऱ्या दिवशी बोलली.

"इंग्रज जायच्या आधी माह्या नवऱ्यानं झेंड्यायचं काम धरलं," ती म्हणाली. "लवंगेच्या कळ्या कापाच्या, गोलावर लावाच्या, गोल लालवर. मले सातवा महिना होता. पायाची मशीन. मी म्हटलं, पोटात दुखून राह्यलं. थे म्हणे, झेंडा चढवाचा दिवस जवळ आला, झेंडे पाह्यजेत. झेंडे येळेवर गेले. पोरगा गेला."

अब्बा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"मंग महिन्याभरात बंड झालं. बंदुकवाले दुकानात आले. सुलतानाचे झेंडे कोण शिवले, म्हणे. यायनं मले पुढं केलं. बायको शिवते, माह्या काही संबंध नाही. त्या मानसायले यायच्यापेक्षा जास्त दया आली असन. म्हणे, लाल सारे जाळ, आता काळा, पिवळा, निळा शिव. मी शिवाले बसली. हे म्हणे, बोटीचं पाहून येतो. गेले थे गेले. माहे दागिने एका झेंड्यात गुंडाळून नेले."

झेंडा कुठून आला, ते असं कळलं. महालातून नव्हे. आपाच्या सोन्याला गुंडाळायला घेतलेलं ते कापड होतं.

पुढचं तिनं थोडक्यात सांगितलं. काळा-पिवळा-निळा काही आठवडेच टिकला. मग निळा, काळा, हिरवा आला. मग बेट समोरच्या मुलखाशी जोडलं गेलं, देशाचं नाव बदललं, आणि हिरव्या-निळ्यावर तिरपा काळा पट्टा असलेला झेंडा आला. एकेका राज्याला नवा झेंडा लागायचा, आणि तेवढ्यावर तिचं पोट चालायचं. तिनं घरी पत्रं टाकली, एकही पोचलं नाही. शेवटी शेजारच्या एका स्वाहिली बाईनं, जी तिच्यासोबत शिवायला बसायची, ओळखीनं तिला मुंबईच्या बोटीवर चढवून दिलं.

अब्बा म्हणाले, "झाकली मूठ राहू दे. मी त्याले बोलावतो, चार मानसं बसवतो."

"कायले?" मी म्हटलं. "त्यानं चाळिसावं चार मानसात जेवलं काय? अख्ख्या गल्लीत जेवला."

मंगनीच्या सकाळी मी उठले तेव्हा आपा बुरखा घालून तयार होती. आम्ही दोघी एसटीनं पांढरकवड्याला गेलो.

मिस्त्रीच्या अंगणात मांडव होता. आम्ही बायकांच्या घोळक्यात मागं बसलो. माझी अपेक्षा होती तसंच झालं. कोणीतरी म्हणालं, झांझिबारचं सांगा, आणि तो उभा राहिला. झेंडा उलगडला. महाल, बंदुका, पळापळ. मग आवाज बारीक करून म्हणाला, "और फिर गोली चली."

मी आपाच्या पाठीवर हात ठेवला. ती उठली आणि बायकांतून वाट काढत पार पुढं गेली. पडदा वर केला.

"कुठं लागली?" तिनं विचारलं. "मले गोळी कुठं लागली, थे तरी दाखवा."

त्याच्या हातातून झेंड्याचं एक टोक सुटलं. मी त्याचा चेहरा बघत होते, एका पापणीचीही हालचाल चुकवायची नव्हती मला. आधी त्याला ती खरी वाटली नाही. मग वाटली. मिस्त्री उठला. आडदांड माणूस, हाताला ग्रीस कायमचं बसलेलं. त्यानं शांतपणे विचारलं, "ही कोण?"

"मी याची मेलेली बायको," आपा म्हणाली, आणि भर मांडवात बंदुकवाल्यांपासून दागिन्यांपर्यंत सगळं सांगितलं. पोराचं मात्र तिनं सांगितलं नाही. ते मी सांगितलं.

मिस्त्रीनं त्याला कॉलर धरून फाटकापर्यंत नेलं. आतून त्याची मुलगी बाहेर आली, आपाजवळ बसली आणि तिनं तिला पाणी दिलं.

लोक म्हणाले, झालं, आता सोडा. मी सोडलं नाही. आपा काझीसमोर खुला, बायकोनं मागून घ्यायचा तलाक, घेऊन मोकळी झाली, तिच्यापुरतं संपलं. माझ्यापुरतं नाही. त्यानं वणीला दुकान टाकलं, तर मी बाजाराच्या दिवशी तिथं जाऊन गिऱ्हाइकांत बसायची आणि मोठ्यानं म्हणायची, "दुल्हाभाई, झेंडा दाखवा ना." एवढंच. बाया विचारायच्या, कोणता झेंडा? मी सांगायची. त्यानं वणी सोडलं. दिग्रसला गेला, तिथंही मी पोचले. एकदा हात जोडून म्हणाला, "काहून मागं लागली? आता आणखी काय पाह्यजे तुले?" आमची बोली तोवर त्याच्या तोंडात बसली होती. मी म्हटलं, "काही नाही. तुम्ही जिथं जान तिथं मी येईन, एवढंच." मग तो जिल्ह्याबाहेर, आदिलाबादकडे गेला, असं कानावर आलं.

आपा अब्बांच्या दुकानात बसू लागली. झेंडा सोडून सगळं शिवायची. पंधरा ऑगस्ट जवळ आला आणि कोणी शाळेचं काम आणलं, की नम्रपणे परत करायची.

साठीचं दशक संपता संपता अब्बा गेले. जनाजा अंगणातून उचलायची वेळ झाली, तेव्हा फाटकाशी तो उभा. केस पिकलेले, कपडे विटलेले. कोणी कळवलं देव जाणे. खांदा द्यायला तो पुढं सरकला. माणसं थबकली, कारण मयताला खांदा द्यायला आलेल्याला कोणी हटवत नाहीत.

मी दारातून माझ्या चुलतभावाला हाक मारली. "त्याचा हात लागू देऊ नोको. अब्बानं त्याले घरात घेतलं होतं, मेल्यावर तरी दूर ठेव."

चुलतभावानं त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला बाजूला केलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि जनाजा त्याच्यासमोरून गेला. आपानं माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, कौतुकही नव्हतं. ती आत गेली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं.

मी दारातच उभी राहिले, तो गल्लीच्या टोकाशी वळून दिसेनासा होईपर्यंत. मला बरं वाटलं. आजही वाटतं.