लिलवा होल्डवर

जगदेवराव शिर्के आंबा घेताना आधी नाकाशी नेत, मग कानाशी. नाकाशी का ते कुणालाही कळेल. कानाशी का, हे मांजलपूरच्या गुजराती फळवाल्याला अजून कळलेलं नाही. "काका, लेवानुं छे के खाली तपासवानुं छे?" घ्यायचाय की नुसता तपासायचाय, असं तो विचारी, आणि जगदेवराव "दोन्ही" म्हणून पुढच्या आंब्याला हात घालीत.

आता त्यांचाही काय दोष म्हणा. माणूस मुळातच संशयी, आणि त्यात नोकरी अशी लागली की संशय घेण्याचाच पगार मिळावा. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासायचं काम त्यांनी जन्मभर केलं. बोल्ट असो, बेअरिंग असो, गेटातून आत आलं की आधी होल्डवर. त्याला पिवळा टॅग लागायचा. तपासणी झाली की हिरवा, नाहीतर लाल. सप्लायर कधी पेढे घेऊन येई. जगदेवराव पेढा खात आणि लाल टॅग लावीत. पेढा गोड होता म्हणून बोल्टाचे आटे सुधारतात की काय?

निवृत्त झाले तेव्हा उरलेल्या टॅगची एक गड्डी त्यांच्याबरोबर घरी आली आणि खातंही घरीच सुरू झालं. दूध होल्डवर, इस्त्रीवाला होल्डवर. मुलगा अमोघ गोरव्याला नोकरीला होता. त्याचं लग्न ठरलं तेव्हा जगदेवरावांनी मुलीची अशी काही चौकशी केली, की तिच्या शेजाऱ्यांना वाटलं पोलीसच आले. कोमल सून होऊन घरात आली, रुळलीसुद्धा, पण आमटी कशी झालीय विचारलं की सासऱ्यांचं उत्तर ठरलेलं, "बघू."

या घरात तपासणीतून सुटलेला एकच जीव होता, सरदार. पिवळ्या तुऱ्याचा, गालावर केशरी ठिपके असलेला, कॉकटील जातीचा छोटा पोपट. कारखान्यातले जिवलग दोस्त जनार्दन मुलाकडे राहायला गेले, तेव्हा जाताना आपला पक्षी जगदेवरावांच्या हातात देऊन गेले. त्याचा तो तुरा बघून नाव पडलं सरदार. बायको गेल्यापासून जगदेवरावांशी दिवसभर बोलणारं असं घरात तेवढंच. सरदार त्यांच्या खांद्यावर बसे, त्यांच्या ताटातला भात खाई, सदऱ्यावर शिटे, मिशीत चोच घाली. कोमल एकदा म्हणाली, "बाबा, याला एकदा डॉक्टरांना दाखवायचं का?" जगदेवरावांना ते मुळीच आवडलं नाही. "जनार्दनच्या घरचा आहे तो. घरच्या मालाला कसली तपासणी?" असं म्हणून त्यांनी खोकल्याची उबळ दाबली. हा खोकला त्यांना बरेच महिने होता. त्याचं खापर ते कारखान्यांच्या धुरावर फोडत.

आणि एका रविवारी कोमल भोकं पाडलेलं खोकं घेऊन घरात आली.

खोक्यात पोपटाचं पिल्लू होतं. कोन्यूर जातीचं, परदेशी पोपटातलं, पाळायला परवानगी असलेलं. हिरवंगार, इवलंसं, पिसं अजून पुरती न आलेलं. हिवाळ्यातल्या कचोरीत घालतात त्या कोवळ्या तुरीच्या दाण्यांच्या रंगाचं. म्हणून कोमलने वाटेतच त्याचं नाव ठेवलं होतं, लिलवा.

"सरदारला सोबत," ती म्हणाली.

"त्याने मागितली होती?" जगदेवरावांनी विचारलं.

"अहो बाबा, बघा तरी किती गोड आहे!"

"कुठून आणलं? आजारी नाही कशावरून?"

कोमलला सासरे ठाऊक होते. तिने पिल्लू घ्यायच्या आधीच डॉक्टरांकडून तपासून घेतलं होतं. रिपोर्ट तिने पुढे केला. जगदेवरावांनी तो लांबूनच बघितला. "रिपोर्ट काय, प्रत्येक सप्लायर देतो. आमच्याकडे सडक्या मालाबरोबर सगळ्यात छान रिपोर्ट यायचा."

"म्हणूनच मी याला मागच्या खोलीत ठेवणार आहे," कोमल म्हणाली. "नवा पक्षी काही आठवडे वेगळाच ठेवायचा असतो. सरदारला भेटवायचं नाही."

इथे जगदेवराव जरा चपापले. सून आपणहून माल होल्डवर ठेवायला निघाली होती. एवढ्या सहज कबूल झाली म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय, हे त्यांनी ताडलं. तरी त्यांनी कपाटातून पिवळा टॅग काढला, वर 'लिलवा' असं लिहिलं आणि मागच्या खोलीच्या कडीला दोऱ्याने बांधला.

मनात शंकेची पाल चुकचुकत होतीच. दोन दिवसांनी तिला खुराकही मिळाला. कोमल गच्चीवर कपडे वाळत घालताना आईशी फोनवर बोलत होती, "सरदार आता म्हातारा झालाय गं. तो गेल्यावर काय करायचं? म्हणून आत्ताच आणून ठेवला." जिन्यात उभे असलेले जगदेवराव हे ऐकून पायरीवरच बसले. अस्सं! म्हणजे सरदारच्या मरणाची तयारी चालली होती. त्याच्या जागेवरचा माणूस भरून झालासुद्धा! आज पक्ष्याची जागा भरली, उद्या कुणाची भरतील?  सरदारशिवायची सकाळ कशी असते हे त्यांना आठवत नव्हतं, आणि आठवायचंही नव्हतं. त्यांनी ठरवलं, या नव्या पाहुण्याच्या नादात माझ्या सरदारच्या पिसालाही धक्का लागता कामा नये. डोळ्यांत तेल घालून बघतो.

त्या दिवसापासून तपासणी सुरू झाली. सकाळी चहा झाला, सरदारचं खांद्यावर बसून खाणं झालं, त्याचा पिंजरा पुसून झाला, की जगदेवराव चष्मा चढवून, टॉर्च घेऊन तडक मागच्या खोलीत जात. लिलवाला मुठीत धरून स्वयंपाकघरातून आणून ठेवलेल्या काट्यावर त्याचं वजन करत. पंख पसरून बघत, चोच उघडून बघत, शीट कागदावर घेऊन उजेडात बघत. पिल्लाला वाटे खेळच चाललाय. ते त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या चावायला जाई, बाहीत शिरायला बघे. "लाडात यायचं नाही," जगदेवराव त्याला दटावत. "अजून पास झालेला नाहीस तू."

बाहेर आले की मात्र त्यांचा सोहळा असे. सदरा बदलायचा, लाल साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि मगच सरदारला हात लावायचा. नव्याचं काही जुन्याला लागता कामा नये!

"बाबा, आत जातानाही हात धूत जा ना," कोमल म्हणाली. "सदराही बदला. मी बदलते."

जगदेवरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझे हात? मी काय उकिरड्यावरून येतोय? सरदारजवळून येतोय मी!"

"पण नियम दोन्हीकडून असतो."

"नियम मला शिकवू नकोस, सूनबाई. जन्म गेला माझा त्यात."

अमोघ पोह्यांतून मान वर न काढता म्हणाला, "जवा दे ने, कोमल." गोरव्यात दिवसभर गुजराती बोलून त्याला घरच्या भांडणातही तीच भाषा सुचे. कोमल गप्प बसली. ती गप्प बसली याचाही जगदेवरावांना संशय आला.

असे काही आठवडे गेले. होल्ड उठायची वेळ आली आणि लिलवाने खाणं सोडलं. पिसं फुगवून एका कोपऱ्यात बसून राहिला. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या, शीट हिरवी पाण्यासारखी पडू लागली. जगदेवरावांनी वजन केलं. काटा कालच्यापेक्षा खाली होता. त्यांनी टॉर्च बंद केला, आणि खरं सांगायचं तर त्यांना आधी बरंच वाटलं. बघा! म्हणत नव्हतो मी?

त्यांनी लाल टॅग काढला आणि तो घेऊन स्वयंपाकघरात गेले. "सूनबाई, माल खराब आहे. आजच्या आज परत पाठव. माझ्या सरदारला लागलं तर मी कुणालाही सोडणार नाही."

कोमल कणीक मळत होती. तिचे हात थांबले. "परत? बाबा, तो पक्षी आहे. बोल्ट नाही!"

"रिपोर्ट आणला होतास ना मोठा? काय झालं त्या रिपोर्टचं?"

"तुम्हाला ना माझ्यावर विश्वास, ना रिपोर्टवर!" दोन वर्षांत तिचा आवाज पहिल्यांदा चढला होता. "कशासाठी आणला मी याला? सरदार म्हातारा झालाय, तो गेला की तुम्ही कुणाशी बोलणार? आमच्याशी तर बोलत नाही. तुमच्यासाठी आणला होता, तुमच्या खांद्यावर बसायला! ठेवा तुमचा लाल टॅग तुमच्यापाशीच." कणकेचे हात तसेच ठेवून ती मागच्या खोलीकडे गेली, मग अर्ध्यावरून परत फिरली, हात खसाखसा धुतले आणि मग आत शिरली.

जगदेवराव लाल टॅग हातात धरून उभेच राहिले. गच्चीवरचं ते बोलणं त्यांना पुन्हा ऐकू आलं आणि या वेळी त्याचा अर्थ वेगळा लागला. पण इतक्या लवकर अर्थ बदलू देतील तर ते जगदेवराव कसले. बोलायला काय, कुणीही बोलतं, असं स्वतःला बजावून त्यांनी टॅग खिशात घातला.

पक्ष्यांच्या डॉक्टर कौमुदी म्हणून होत्या. लिलवाला बघून त्या म्हणाल्या, "घरातला दुसरा पक्षीही आणा. दोघांचेही नमुने पाठवायचे."

"सरदारला काही झालेलं नाही," जगदेवराव म्हणाले.

"तेच बघायचंय."

सरदारला तपासायचं! तळपायाची आग मस्तकात गेली त्यांच्या. तरी ते गेले. मनात हिशोब असा की एकदा सरदार पास झाला की या सगळ्यांची तोंडं बंद होतील. पिंजरा मांडीवर घेऊन, वर धोतराचं फडकं टाकून ते रिक्षात ताठ बसले होते. कोमलच्या मांडीवर लिलवाचं खोकं होतं. 

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी जगदेवराव, कोमल आणि अमोघ अशा तिघांना समोर बसवलं. "आजार सरदारच्या अंगात आहे," त्या म्हणाल्या. "बहुतेक वर्षानुवर्षं असेल. काही पक्ष्यांत वरून काहीच दिसत नाही, ते नुसते वाहतात. लिलवाला त्याच्याचकडून लागला. घेताना हा अगदी स्वच्छ होता, तपासणी मीच केली होती."

"शक्यच नाही," जगदेवराव म्हणाले. "दोघांनी एकमेकांचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. दार बंद होतं. मी स्वतः लक्ष ठेवून होतो."

"मग एकाकडून दुसऱ्याकडे कोण जात होतं? वाळलेल्या शिटेची धूळ कपड्यांवर बसते, हातावर बसते."

 जगदेवरावांनी कोमलकडे पाहिलं. आता ती बोलेल, बोलायचा हक्कच होता तिचा. पण ती लिलवाच्या खोक्याकडे बघत राहिली. जगदेवरावांच्या घशात खवखवलं, त्यांनी दाबून पाहिलं, आणि मग दाबता येईना. खोकला थांबेपर्यंत डॉक्टर बघत होत्या.

"हा कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं. "माणसालाही लागतो हा आजार, काका. आजच छाती दाखवून घ्या."

जगदेवराव खाली मान घालून आपल्या हातांकडे बघत बसले. कारखान्यात नवा पोरगा आला की ते त्याच्या हातातलं मापायचं गेज काढून घेत आणि दरडावत, "आधी गेज तपास, मग माल. गेज चुकीचं असेल तर चांगला मालही तू खराब करशील." ज्याला त्याला त्यांनी हे सांगितलं होतं. इतके दिवस रोज सकाळी ते त्या खोलीत गेले, पिल्लाची चोच उघडली, पंख पसरले, पण जाताना एकदाही हात धुतले नव्हते. बाहेर आल्यावर मात्र रोज धुतले. त्यांना लाज वाटली, आणि त्याहून भीती वाटली. पिल्लू बाहीत शिरायला बघायचं ते आठवलं. "जगेल ना ते?" त्यांनी विचारलं. 

"अजून लहान आहे," डॉक्टर म्हणाल्या. "औषध सुरू करू. बघू."

हा शब्द त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवला होता. तो ऐकणाऱ्याला कसा लागतो, ते त्यांना त्या खुर्चीत कळलं.

घरी आल्यावर त्यांनी मागच्या खोलीच्या कडीचा पिवळा टॅग सोडला आणि सरदारच्या पिंजऱ्याला बांधला. सरदारने तो लगेच कुरतडायला घेतला. औषध त्यालाही सुरू झालं, आणि जगदेवरावांनाही. लिलवाला कोमल ड्रॉपरने एकेक थेंब पाजी, आणि जगदेवराव दाराबाहेर स्टूल टाकून बसत. आत जायचं त्यांनी सोडलं होतं. "खाल्लं का?" एवढंच विचारत.

बरेच दिवस उत्तर "नाही" असंच यायचं. मग एका सकाळी आतून कोमल म्हणाली, "बाबा, याने बाजरीचा दाणा फोडला. आणि शर्टाची गुंडी शोधतोय, माझ्या कुर्त्याला गुंड्याच नाहीत."

जगदेवराव उठले. सदरा बदलला, गुंड्यांचाच घातला. हात धुतले. दारापाशी आले आणि थांबले. "येऊ?" त्यांनी विचारलं.

कोमल दारात आली. जगदेवरावांनी काही न बोलता दोन्ही हात तिच्यापुढे धरले, तळवे वर, मग पालथे. तिने ते नीट पाहिले. वास घेतला. बोटं वाकवून नखं पाहिली. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, "नखांत राहिलंय. परत."

जन्मभर लोकांचा माल परत पाठवणारे जगदेवराव निमूटपणे बेसिनकडे गेले. लाल साबण घेतला आणि आधी नखं घासायला लागले.