ऑर्गनच्या भात्याला लावलेलं ठिगळ

पंक्चरच्या सोल्युशनचा वास नाकात गेला की मला मोताळ्याजवळचं एक दगडी चर्च आठवतं. तेव्हा बाजारात माझं पंक्चरचं लहानसं दुकान होतं. नाताळच्या आदल्या दिवशी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या म्हाताऱ्या बाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "बाबू, ऑर्गनचा भाता उंदरानं कुरतडला. कमिटीवाले म्हणतात, भाड्याचा कीबोर्ड आणू. तुले जमते का?" मी म्हटलं, "बाई, मले सायकल समजते, बाजा नाही समजत." त्या म्हणाल्या, "हवाच तर धरून ठेवायची हाय!" मग दुपारभर मी ऑर्गनच्या पोटात डोकं घालून चामडं घासत होतो आणि त्यावर ट्यूबची पातळ ठिगळं चिकटवत होतो. नाताळच्या सकाळी ते एवढंसं चर्च गच्च भरलं. मी दाराशी उभा होतो. बाईंनी पेडलवर पाय मारले आणि ऑर्गन असा घुमला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या! त्यावर वीस-पंचवीस गळ्यांनी जुनं नाताळगीत उचललं. बायांचे आवाज वर चढले, बाप्यांचे खालून भरून आले आणि हवा कुठंच सुटली नाही. शेवटच्या कडव्याला शेजारच्या माणसानं मला कोपरानं ढोसलं, "गा ना बे, काऊन गप आहे?" शब्द येत नव्हते, तरी मी छाती फुगवून गायलो. आज माझं ट्रॅक्टरच्या टायरचं मोठं दुकान आहे, पण नवं गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, काय काय दुरुस्त करता?" तेव्हा मी ऑर्गनपासून सुरुवात करतो.