गाळलेला कर्ता

तिसरा चढ संपला तेव्हा खुलूदबाई पहिल्यांदा बोलल्या. "तू बसने जायचं होतंस. तुझे गुडघे धड नाहीत."

"तुमचे तरी कुठे आहेत?" मी म्हटलं.

"बसमध्ये माणसं असतात," म्हणाल्या आणि परत चालायला लागल्या.

निर्वासितांच्या अर्जांची कचेरी जॉर्डनमधल्या अम्मानच्या एका टोकाला, आमची हाश्मी वस्ती दुसऱ्या टोकाला. कचेरीतून निघून आम्हाला तास झाला होता. मी वस्तीतल्या दवाखान्यात एकोणीस वर्षं नर्स आहे. बाई इराकमधल्या मोसुलहून आल्या तेव्हापासून माझ्या शेजारी.

मोसुलला मुलींच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आवडता धडा एकच. काच फुटलेली होती आणि काच फोडली गेली, या दोन्हींना इंग्रजीत एकच वाक्य चालतं, 'द ग्लास वॉज ब्रोकन'. मराठी शाळेत शिकल्यामुळे मला ते चटकन कळलं: एक धातुसाधित विशेषण, दुसरा कर्मणी प्रयोग. बाई वाक्य फळ्यावर लिहायच्या आणि वळून विचारायच्या, "कुणाकडून?" उत्तर असेल तर कुणीतरी केलेली गोष्ट, नसेल तर नुसतं वर्णन. मुली पाठीमागे त्यांना 'कुणाकडून' म्हणत. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, हसून हसून चहा सांडत.

मोसुल सोडताना नाक्यावर बंदूकवाल्यांनी त्यांच्या नवऱ्याला, मुअय्यदना, गाडीतून ओढून काढलं आणि बाईंना पुढे हाकललं. इथे दुसऱ्या देशात वसण्यासाठीचा अर्ज इंग्रजीत लिहायला दुभाष्या फुकट मिळत होता. बाईंना तो अपमान वाटला. सगळं स्वतः लिहिलं. त्यातलं एक वाक्य, 'आमची ताटातूट केली गेली.' कुणी केली ते लिहिलं नाही, कारण तोंडं बांधलेल्या माणसांची नावं कुठून आणणार? पण ताटातूट झालेले आणि पटत नाही म्हणून विभक्त राहणारे, इंग्रजीत शब्द तोच, 'सेपरेटेड'. कचेरीने नोंद केली, विभक्त.

तीन वर्षांनी मुअय्यद जिवंत सापडले. अर्बिलला भावाकडे आहेत, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्यांना आपल्या अर्जात घ्या म्हणून बाई दीड वर्ष खेटे घालत होत्या. आज नकार आला. समोरची मुलगी अदबीने म्हणाली, "तुम्हीच लिहिलंय, मॅडम. सही तुमची आहे." बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. मला वाटलं भांडतील. "वाक्य बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या आणि उठल्या.

उतारावर मी म्हटलं, "त्या पोरीने चुकीचा अर्थ लावला."

"चुकीचा नाही. दुसरा. कर्ता ठाऊक नसेल तर गाळा, हे मीच शिकवलं. किती मुलींना, देव जाणे."

"तुम्हाला कुठे ठाऊक होतं ते कोण होते?"

"बंदुका घेतलेले पुरुष, एवढं ठाऊक होतं. मला वाटलं, वाक्य बोजड होईल."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत चालले. मग न राहवून म्हटलं, "देव बघतोय, बाई."

"बघतो गं. अर्ज वाचत नाही."

वस्तीच्या पायऱ्या लागल्या तशा त्या मधल्याच पायरीवर बसल्या. पर्समधून कोरा फेरअर्ज काढून माझ्या मांडीवर ठेवला. तो एकदाच करता येतो, दहा दिवसांत.

"मुअय्यद रोज फोनवर विचारतो, कधी? त्याला वाटतं, बायको इंग्रजीची बाई आहे, होईल काम." पेनही माझ्या हातात दिलं. "मला आता एक ओळ लिहवत नाही. प्रत्येक शब्दाला दुसरा अर्थ दिसतो. तू लिही."

"माझं इंग्रजी मोडकं आहे, बाई."

"म्हणून तर. माणसं आली, त्याला ओढलं, मी ओरडले, असं लिही. आणि देण्याआधी मला दाखवू नकोस. मी सुधारत बसेन."