आईचा खुबा आणि माझं खोटं

दोन वर्षांपूर्वी मी आईशी खोटं बोललो. धाराशिवच्या डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं होतं, की तिच्या खुब्याचा सांधा झिजलाय, पण आता लहानशा छेदातून, स्नायू न कापता तो बदलता येतो. सोयाबीनची काढणी तोंडावर होती आणि ऑपरेशनची मलाच धास्ती वाटत होती. बाहेर बाकावर बसलेल्या आईला मी म्हणालो, "या वयात ऑपरेशन होत न्हाय म्हणत्यात." तिनं मान डोलावली. तेव्हापासून सोनारीच्या काळभैरवाला स्वतः जाणं सोडून ती नारळ शेजारणीबरोबर पाठवू लागली.

यंदा अंथरुणातून उठताना ती कळवळून रडली, तेव्हा 'आता ऑपरेशन होतंय' एवढंच सांगून मी तिला दवाखान्यात नेलं. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी ती वॉकर धरून चालली. तीन महिन्यांनी सोनारीच्या देवळात, काठीशिवाय, स्वतः नारळ घेऊन ती माझ्यापुढं निघाली. माकडं नारळावर टपलेली. तिनं तो पदराखाली घेतला आणि मागं वळून हसली, "चल की रं म्हाताऱ्या, का तुझाबी खुबा बदलायचा?"

माझं पाऊल पुढं पडेना.

"आई, डॉक्टर तवाच ऑपरेशन हुतंय म्हणत हुते. मी खोटं बोललो. तुझी दोन वर्षं मी घालवली. मला माफ कर."