पोटभाडेकरू म्हणजे कोण

जागेच्या मालकांनी करारनामा माझ्या शिलाई मशीनवर ठेवला आणि बोटानं एक ओळ दाखवली. दुकानात अजून जळक्या कापडाचा वास होता. मी हळूहळू वाचलं, ‘जागेत पोटभाडेकरू ठेवू नये.’

"मंग हा कोण हाय?" त्यांनी शंकरभाऊंकडे हात केला.

शंकरभाऊ इस्त्रीवाले. अकोल्यात बाळापूर रोडला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान. अर्धी जागा रिकामी पडायची, म्हणून ती मी त्यांना भाड्यानं दिली होती. आदल्या दिवशी दुपारी लाईन गेली. इस्त्रीचं बटण चालूच राहिलं आणि शंकरभाऊ घरी जेवायला गेले. मी अस्तर आणायला बाजारात होते. लाईन परत आली तेव्हा दुकानात कोणीच नव्हतं. टेबल पेटलं, मग गिऱ्हाइकांचे कपडे, मग छत.

करारावर सही माझीच. चौथी शिकले, वाचता येतं. पण पोटभाडेकरू म्हणजे आपल्याकडे जेवून-राहून असणारा माणूस, असं मी समजले होते. विचारायची लाज वाटली. शंकरभाऊ तर चहासुद्धा दुकानात पीत नसत. त्यामुळे आपण करार मोडतोय, हे माझ्या मनातही आलं नाही.

मालकांना मी हे सांगितलं.

"पोट म्हंजे जेवाचं पोट समजल्या काय तुमी?"

मी मान हलवून हो म्हटलं. ते हसले नाहीत.

शंकरभाऊ पुढे आले. जेवून परतल्यावर आग विझवताना त्यांचे दोन्ही हात भाजले होते, त्यांना पट्ट्या होत्या. "मालक, चूक माही हाय. ताईले कावून बोलता?"

"तुले मी ओळखत नाई. जागा बाईले देली, मी बाईलेच धरीन."

मी एका वकिलांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. भाडेकरूनं जागा पुढे भाड्यानं दिली, की घेणारा तो पोटभाडेकरू. त्यानं काही बिघडवलं, तर मालकापुढे उभं मूळ भाडेकरूलाच राहावं लागतं. मालकाची लेखी परवानगी असली तरी ही जबाबदारी सुटत नाही. माझ्याकडे तर परवानगीही नव्हती.

छत मी करून दिलं आणि किल्ली मालकांच्या हातात ठेवली. शंकरभाऊंकडे काही मागितलं नाही. त्यांच्या उजव्या हाताची बोटं अजून मिटत नाहीत.

आता मी घरी शिवते, दुसऱ्या माळ्यावर. जुन्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्या बायकांना जिना चढवत नाही.

वकिलांनी तो शब्द दोन मिनिटांत समजावला. सही करायच्या आधी विचारला असता, तरी तेवढाच वेळ लागला असता.