आण्णांचा अबोला, रोम ते व्हेनिस

आमच्या घरी चार माणसं जमली आणि चहाचं आधण ठेवलं, की चहा गाळायच्या आत इटली निघतेच. इतकी वर्षं झाली, पण दर दिवाळीला त्या प्रवासाचा एखादा किस्सा नव्यानं उगवतो. माय सांगते त्यात व्हेनिस आमच्या गावच्या, आष्टीच्या बाजाराएवढं असतं, थोरला भाऊ सांगतो त्यात ते जगातलं आठवं आश्चर्य असतं. आण्णांना विचारलं तर म्हणतात, "मी कायी बोललोच न्हाई तिथं, मला काय इचारता?"

आणि तेच खरं आहे. आण्णा बोलले नाहीत, म्हणून तर एवढे किस्से झाले!

झालं होतं असं. दुष्काळ नुकताच सरला होता. मी परतूरच्या शाळेत बाई होते. भाऊ शेतकी शिकून बियाण्यांच्या कामासाठी रोमला गेला आणि तिथंच लुचिया नावाच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. घरी कळवलं ते लग्न झाल्यावर! आण्णांना सून परकी आहे याचं काही नव्हतं. "लेकाच्या लग्नाचं बापाला आवतन न्हाई," एवढंच ते बोलले आणि भाऊला पत्र लिहिणं बंद केलं.

पुढं भाऊनं आम्हा तिघांची तिकिटं पाठवली. आण्णा नाहीच म्हणत होते. माय म्हणाली, "मी तर जानार. तुमी ऱ्हावा. भाकरी थापायची शिकून घ्या तेवढी."

आण्णा निघाले. पण परतूर स्टेशनावर गाडीत चढता चढता त्यांनी बजावलं, "येतो. पन मी तिच्याशी बोलनार न्हाई. बिलकुल न्हाई."

आता गंमत अशी, की आमच्याकडे सासरा सुनेशी तसाही थेट बोलत नाही. सांगायचं ते सासूला सांगतो, नाहीतर भिंतीला. त्यामुळे आण्णांचा राग कुठं संपतो आणि रीत कुठं सुरू होते, हे कुणालाच कळेना. रोमला पोचल्या दिवशीच भाऊनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाकी काही बघितलं नाही तरी चालेल. जायच्या आधी आण्णांनी तिला एकदा तरी नावानं हाक मारली पाहिजे."

*

आष्टीत वडीलधारा माणूस घरात शिरताना दारातच खाकरतो. आत सुना असतात, त्यांनी पदर सावरावा म्हणून. आण्णा रोममध्येही खाकरले. स्वयंपाकघरात जाताना खाकरले, बैठकीत येताना खाकरले, फिरून आल्यावर जिन्यातच खाकरले.

लुचियाला वाटलं, सासरे आजारी आहेत!

तिनं गरम पाण्यात मध-लिंबू करून पुढं ठेवलं. आण्णांनी निमूट पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी छातीला चोळायचं मलम आलं. तिसऱ्या दिवशी ती सरळ डॉक्टरला घेऊन आली. भाऊ कचेरीत, मी घरात होते, पण मला हसूच आवरेना. डॉक्टरनं नळी लावली, पाठ ठोकून बघितली, जीभ बाहेर काढायला लावली. आण्णांनी सगळं करू दिलं. नको म्हणायचं, तर तिच्याशी बोलावं लागलं असतं!

डॉक्टर गेल्यावर ते भिंतीला म्हणाले, "घरात खाकरायची चोरी झाली की रं!"

मध-लिंबू मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

*

रोममध्ये जुन्या राजांच्या बाजारपेठेचे अवशेष आहेत. नुसते खांब, चौथरे आणि पडलेल्या कमानी. भाऊ इतिहास सांगत होता, मी ऐकत होते. वळून बघते तर आण्णा नाहीत.

आण्णा एका चौथऱ्यापाशी उकिडवे बसून तण उपटत होते! चांगला ढीग लावला होता शेजारी.

"एवढं नावाजलेलं ठिकान," ते मला म्हणाले, "लोकं तिकिटं काढून येऊन राह्यले, अन निंदायला एक मानूस न्हाई?"

तेवढ्यात शिट्टी वाजवत रखवालदार आला आणि आण्णांवर ओरडला. त्यापुढं लुचिया त्याच्यावर जे ओरडली, तसं मी आमच्या हेडमास्तरांनाही कधी ओरडताना ऐकलं नाही. दोन्ही हात हलवत, टाचा उंचावत! रखवालदार मागं सरकला.

आण्णांनी हळूच भाऊला विचारलं, "काय म्हनून राह्यली ती?"

भाऊ म्हणाला, "म्हणते, माझ्या सासऱ्यांशी आवाज चढवून बोलायचं नाही."

आण्णांनी हात झटकले. मग उपटलेलं तण उचलून नीट एका कडेला ठेवलं.

*

फ्लॉरेन्सला मोठं थोरलं चर्च आहे. आत देव आहे म्हटल्यावर मायनं पायरीवरच चपला काढल्या. मग आण्णांनी काढल्या, मी काढल्या. भाऊ म्हणाला, "इथं काढत नाहीत." माय म्हणाली, "मंग तुझी तू घालून जा." भाऊनं बूट काढले. लुचियानं आमच्याकडे बघितलं आणि तिनंही काढले.

बाहेर आलो, तर आमच्या चपलांशेजारी बुटांची रांग लागलेली! कुठल्याशा देशाच्या पर्यटकांना वाटलं, इथली पद्धतच आहे. आतून म्हातारा चर्चवाला आला, त्या रांगेकडे बघत राहिला आणि त्यानं छातीवर क्रूस काढला.

पण खरा किस्सा आत घडला होता. चर्चमध्ये शिरताना लुचियानं डोक्यावर रुमाल घेतला होता. त्यांच्यातल्या जुन्या वळणाच्या बायका घेतात तसा. नेमके तेव्हाच आण्णा वळले. त्यांना वाटलं, सुनेनं आपल्याला बघून पदर घेतला! संध्याकाळी ते मायला म्हणाले, "वळन बराबर हाय पोरीचं."

आम्ही कुणीच त्यांना खरं सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही!

*

पिसाचा कललेला मनोरा बघून सगळं जग फोटो काढत होतं. मायनं मात्र मनोऱ्याच्या सावलीत उभ्या असलेल्या लुचियाला दंडाला धरून बाहेर ओढलं. "पडंल की अंगावर! तुमाला कुनाला दिसत न्हाई का?"

आम्ही वर चढायला निघालो, तर लुचिया नको म्हणाली. खाली थांबते म्हणाली. माय तिच्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मी बी थांबते."

व्हेनिसच्या गाडीत मायनं शिदोरी सोडली. आष्टीहून आणलेलं लिंबाचं लोणचं होतं. पहिल्या दिवशी त्याच लोणच्यानं लुचियाच्या डोळ्यांतून पाणी काढलं होतं. आज तिनं एक फोड घेतली, मग दुसरी, मग बरणीच मांडीवर घेतली. माय मला म्हणाली, "इचार तिला. इंग्रजीत इचार."

आता हे काही मी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. कसंबसं विचारलं. लुचिया लाल झाली आणि तिनं मान हलवली.

भाऊ शेजारीच झोपला होता. बाप होणार असल्याची बातमी त्याला सगळ्यांच्या शेवटी कळली!

*

व्हेनिस बघून माय जागीच उभी राहिली. दारात पाणी, मागच्या अंगणात पाणी, गल्लीतही पाणी. आम्ही दोन वर्षं टँकरची वाट बघितली होती. माय घाटाच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसली, ती उठेचना. "द्येवाला वाटनी करता येत न्हाई बग," एवढंच म्हणाली.

लुचिया तिच्याजवळ येऊन बसली. मायनं मला मध्ये बसवलं आणि विचारायला लावलं, बाळंतपण कुठं करणार?

लुचिया म्हणाली, "दवाखान्यात."

"दवाखान्यात खरं, पन मंग? पयलं बाळतपन म्हायेरी करत्यात. तिचं म्हायेर कुठंय?"

मी विचारलं. लुचिया पाण्याकडे बघत सांगत गेली, मी मायला मराठीत सांगत गेले. लुचियाची आई ती लहान असतानाच गेली होती आणि वडील लग्नाच्या आदल्या वर्षी. भाऊ-बहीण कुणी नव्हतं. माहेर असं नव्हतंच.

मायनं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. मागं आण्णा उभे होते. ते खाकरले नाहीत, तसेच मागच्या पावली गल्लीत निघून गेले. रात्री जेवतानाही त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. भाऊनं माझ्याकडे बघून मान हलवली. आता काही होत नाही, असा त्याचा अर्थ होता.

*

परतीच्या दिवशी विमानतळावर लुचिया मायच्या गळ्यात पडून रडत होती. माय तिला मराठीत पथ्यपाणी सांगत होती, जड उचलू नको, तिन्हीसांजेला बाहेर पडू नको. लुचिया प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होती. आण्णा पिशव्यांपाशी पाठमोरे उभे होते.

आमच्या विमानाची घोषणा झाली. आण्णांनी पिशव्या उचलल्या आणि चालायला लागले. भाऊनं वाकून नमस्कार केला, तो त्यांनी घेतला. आणि थांबले.

मायला म्हणाले, "तिला म्हनावं..."

मग पिशव्या खाली ठेवल्या. वळून सरळ लुचियासमोर जाऊन उभे राहिले. तिनं घाईघाईनं डोळे पुसले.

"लुचिया," आण्णा म्हणाले, "पयलं बाळतपन म्हायेरी करायचं अस्तं, पोरी. आष्टीला ये. न्यायला मी सोता येतो."

लुचियानं भाऊकडे बघितलं. काय म्हणाले, म्हणून विचारलं.

भाऊनं सांगायला तोंड उघडलं. मग त्यानं डोळ्यांना रुमाल लावला आणि लुचिया आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत तशीच उभी राहिली.